शस्त्रक्रियेनंतरचं ताट

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी विचारतात : किलो किती उतरले आणि खर्च किती आला. दहा वर्षांनी काय, हे फारसं कुणी विचारत नाही. मला तर या शस्त्रक्रियेचा सारा इतिहास त्या न विचारलेल्या प्रश्नाचाच वाटतो.

१९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात क्रेमन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याची कल्पना मांडली. आधीचे प्रयोग कुत्र्यांवरचे. खाल्लेलं अंगी लागण्याआधीच पुढे जायचं; सवय बदलायची गरजच नाही! पुढे अनेकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिची किंमतही मोजली. सततचे जुलाब, मूतखडे, काहींचं तर यकृतच निकामी झालं. कित्येकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली आणि अखेर ती पद्धत मागे पडली.

आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रियांचं वजन पुन्हा वाढता वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९६६ साली त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली. १९८० मध्ये त्यांनीच आणखी सोपी पद्धत काढली : जठराच्या वरच्या भागात छोटी पिशवी करायची आणि तिच्या तोंडाला पट्टी बसवायची. कागदावर चोख. पण मांसाचा तुकडा, पाव त्या तोंडाशी अडायचे आणि आइस्क्रीम, मिल्कशेक बिनबोभाट खाली उतरायचे. माणूस साहजिकच जे उतरतं तेच खाऊ लागला. (आपल्याकडे बासुंदीनं हेच केलं असतं.) टाक्यांनी वाट अरुंद केली, आवड मात्र होती तिथेच राहिली.

हिशेब स्वीडनमध्ये झाला. १९८७ साली सुरू झालेल्या तिथल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले दोन हजारांवर लोक होते आणि तुलनेसाठी जवळपास तितकेच न झालेले. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं; दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. पट्टीच्या पिशवीवाल्यांची २५ वरून १६ वर. म्हणजे काही वजन परत येतंच. पण शस्त्रक्रिया न झालेल्यांचं वजन जवळपास होतं तिथेच राहिलं, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूंचं प्रमाण कमी आढळलं, हेही २००७ साली प्रसिद्ध झालं.

वजन परत आलं की नातेवाईक म्हणतात, ‘जिभेवर ताबा नाही.’ मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. निव्वळ पथ्यानं वजन उतरवलं की ते रक्तात वाढतं, असं २००२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. शरीरच गेलेलं वजन परत मागतं.

म्हणून आहारतज्ज्ञांच्या सूचना रोजच्या ताटाविषयी असतात. डाळ, अंडं, पनीर, मासळी आधी खायची, भात-पोळी नंतर. घास लहान, चावणं सावकाश. जेवताना पाणी नाही, ते अर्ध्या तासानं. बायपासनंतर गोड जास्त झालं तर घाम, धडधड, पोटात कळा. आणि बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर, वर रक्ततपासणीही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून नेमक्या याच गोळ्या बंद होतात.