फ्रिलुफ्ट्सलिव म्हणजे काय? नॉर्वेतल्या कुटुंबांची बिनखर्चाची सुट्टी

नॉर्वेत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मग घरची मंडळी सॅक पाठीला लावतात, सँडविच आणि थर्मासभर गरम कोको घेतात आणि जवळच्या जंगलात पायी फिरून येतात. मोकळ्या हवेतल्या अशा जगण्याला तिथे 'फ्रिलुफ्ट्सलिव' म्हणतात. नाटककार हेन्रिक इब्सेन यांच्या १८५९ च्या एका कवितेत हा शब्द आला आहे. पाऊस आला तरी बेत सहसा रद्द होत नाही, पोरांना रेनकोट चढवला की झालं! व्यायामाचं नावही न काढता भरपूर चालणं होतं.

पण नुसत्या हौसेवर हे चाललं नसतं. १९५७ च्या कायद्यानुसार जंगलात, डोंगरावर, माळरानावर कुणीही पायी फिरू शकतं, जमीन खासगी असली तरी. तिकीट नाही, परवानगी नाही. पिकाची शेतं आणि घरांची आवारं मात्र यातून वगळली आहेत. तंबू ठोकायचा तर राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब. दोन दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर मालकाला विचारायचं. दुर्गम डोंगराळ भागात तेही नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात शेकोटीला साधारणपणे बंदी असते. परदेशी पर्यटकांनाही हाच हक्क आणि हेच नियम लागू आहेत.