लांज्याच्या वाटेवरची साथ

१९१८ च्या इन्फ्लुएंझाचा एक हिशेब पाठ करून ठेवा. त्या साथीत मुंबई शहरात खालच्या म्हणवल्या गेलेल्या जातींची माणसं मेली हजारी ६१.६. इतर हिंदू हजारी १८.९. पारशी ९, युरोपियन ८.३. हे कुणी सभेत फेकलेले आकडे नाहीत, सरकारदरबारी जातवार लिहिलेले आहेत. साथ जात बघत नाही म्हणणाऱ्याच्या हातात हा कागद द्यावा.

आजार जूनमध्ये बंदरातून शिरला. गोदीवरचे पोलीस शिपाई आधी पडले. दुसरी लाट पावसाळ्याच्या शेवटाला आली ती मारेकरी होऊनच. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मरणं. पाऊस हटलेला, धान्य महाग, लढाई चालू. अर्धपोटी माणूस तापानं पडला की उठायचा नाही.

आता यात लांजा कुठं येतं? मुंबईच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त माणूस पुरवला तो रत्नागिरी जिल्ह्यानं. आपलीही माणसं गेली, पण विणखात्यात त्यांना घेत नसत. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आन् महाराच्या थुंकीचा धागा बाकीच्यांना चालत नसे. म्हणून आपले लोक रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांना हे जाहीर मांडावं लागलं. थुंकीचा नियम साथीच्या आधीपासून होता, फक्त एका बाजूनं.

शहरात रोग आला की चाकरमानी घराकडे पळणार, हे १८९६ च्या प्लेगपासूनचं. बोटीनं रत्नागिरी, तिथनं पायी आत. त्या प्लेगानं आपल्याला १८९७ चा साथरोग कायदा दिला आणि आपल्यातून सावित्रीबाई नेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ ला स्वतः गेल्या.

अन् गावकी काय करी? उतारा काढी. भात, नारळ, लिंबू टोपलीत घालून ती महाराच्या डोक्यावर द्यायची, म्हंजे रोग शिवेपार. पलीकडच्या गावाला तो नको असला की तिथल्या महाराचं डोकं होतंच. मढ्याची लाकडं न्यायची, मरणाचा सांगावा गावोगाव पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सगळं वतनात. तापानं फणफणलेल्या घरचा सांगावा घेऊन चार गावं फिरणाऱ्याला मग ताप लागणार नाही तर काय? बाबासाहेबांनी या वतनावर १९२८ मध्ये विधिमंडळात बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं १९५८ च्या कायद्यानं. मधे तीस वर्षं.

एक आठवण जाताजाता. साथीच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथल्या प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून हरकत घेतली गेली.

२०२० ला तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. डाव्या हातावर शाईचा शिक्का. उन्हाळ्यात चाकरमानी कोकणात उतरले, तर गावाच्या तोंडावर बांबू आडवे, शाळेत चौदा दिवस. भाकरी लांबून ठेवायची, ताट वेगळं, विहिरीवर यायचं नाही. वरच्या आळीतली पोरं या वागणुकीनं रडकुंडीला आली. आमच्या बौद्धवाडीतल्या म्हाताऱ्यांना त्यात नवं काही दिसेना. पण हसून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. चौदा दिवसांनी त्यांचा शिक्का पुसला.

जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसिलीतून कोतवाल बुकाची नक्कल काढतो ना, गाव नमुना १४? ती जन्ममृत्यूचीच वही. पुढच्या खेपेला लांज्यात गेलात की आजोबाचं नाव सापडल्यावर वही मिटू नका. सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ ची पानं मागा. जातीचा रकाना आणि मरणाच्या कारणाचा रकाना शेजारी धरून वाचा, उतरवून घ्या. मोडी वाचणारा माणूस सोबत न्या.