आत्याची रोवणी

परवा चुलतबहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पोटावर चार बारीक छिद्रं आणि दुसऱ्या दिवशी घरी! भेटायला जमलेल्या बायकांत ते वाक्य आलंच, "जपून राहा बाई, नाहीतर आत्यासारखं व्हायचं."

घरच्यांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. आत्या आमगावची. १९७८ च्या उन्हाळ्यात तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १९९९ चा.) दीड महिन्यात ती रोवणीला बांधीत उतरली. दोन वर्षांनी पोट फुगलं, हिरव्या उलट्या... रात्रीच्या गाडीने नागपूरला नेलं. पुन्हा पोट उघडलं तर आतडी एकमेकांना चिकटलेली. आत्या वाचली, पण "पथ्य मोडलं म्हणून चिकटली" हा शिक्का कायमचा बसला. तीही शेवटपर्यंत तेच सांगायची.

मी डॉक्टर नाही. पण वाचत गेलो आणि वेगळंच कळलं.

पोटाच्या आतलं नाजूक अस्तर दुखावलं, सुकलं किंवा तिथे रक्त साचलं की चिकट जाळं तयार होतं. बहुतेकदा शरीर ते विरघळवतं. नाही विरघळलं, तर त्याचेच पट्टे बनतात. हे घडतं ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्याभरात. म्हणजे दीड महिन्यानंतरच्या रोवणीचा दोष काय?

गंमत म्हणजे एक दोषी खुद्द डॉक्टरांच्या हातावर होता. १८९० च्या आसपास अमेरिकेत डॉ. हॉलस्टेड यांनी रबरी हातमोजे आणले, तेही नर्सच्या हाताला औषधाने पुरळ येई म्हणून. मोजे सहज चढावेत यासाठी आत टाल्कम पावडर. ती पोटात सांडून गाठी आणि पट्टे होतात हे लक्षात आल्यावर १९४७ च्या सुमारास मक्याचा स्टार्च आला. लुगड्याला खळ करतो तसलाच! तोही निर्दोष नव्हता. तरी अमेरिकेने पावडरच्या मोज्यांवर बंदी घातली ती थेट डिसेंबर २०१६ मध्ये.

आत्याच्या पोटात पावडरच होती असं मी म्हणत नाही. पोट उघडलं की पट्टे होण्याचा धोका असतोच. म्हणून आता ऊती हळुवार हाताळतात, ओलसर ठेवतात, रक्त साचू देत नाहीत. आणि शक्य तिथे दुर्बीण. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी, १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. त्याने पट्टे कमी होतात, पण अजिबात होत नाहीत असं नाही. म्हणून जुनं ऑपरेशन झालेल्या माणसाचं पोट फुगलं, उलट्या लागल्या, वारा सरेना, तर घरगुती काढे करत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा.

असो. बहिणीला एवढंच सांगितलं, आत्याने काही मोडलं नव्हतं. तिने रोवणी केली, कारण त्या वर्षी धान लावायला दुसरं कुणी नव्हतं.

हे आत्याला सांगायला मात्र उशीर झाला...