एकवीसास नऊ

आमच्या हॉलमधल्या टेबलाची रुंदी अठ्ठेचाळीस इंच आहे, ही गोष्ट मला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी कळली. टेबल सौ.च्या माहेरून आलेले. माहेरच्या वस्तूंचे फक्त कौतुक करायचे असते, मोजमाप घ्यायचे नसते, हा आमच्या घरचा दंडक. तो मोडायला लावला आमच्या चिरंजीवांनी.

"बाबा, अल्ट्रावाइड घ्यायचा," एके दिवशी ते म्हणाले.

मला वाटले, पँटचा नवा प्रकार असेल. आमच्या वडिलांच्या कॉलेजच्या फोटोत पायघोळ बेलबॉटम आहे, फॅशन फिरून येते म्हणतात. पण चिरंजीवांना पाहिजे होता संगणकाचा पडदा, म्हणजे मॉनिटर. खेळायला! आता 'खेळायला' म्हटले की कुठलाही बाप जे म्हणतो तेच मी म्हणालो. तेव्हा चिरंजीवांनी ठेवणीतला बाण काढला. "तुमच्या सोसायटीच्या कामालाही होईल."

इथे मी नरमलो. वाणिज्य शाखेची पदवी आणि बँकेतली कारकुनी या दोन गुन्ह्यांबद्दल आमच्या सोसायटीने मला खजिनदारपदाची शिक्षा ठोठावली आहे. चाळीस बिऱ्हाडे, बारा महिने, शिवाय पाणी, पार्किंग, सिंकिंग फंड यांचे वेगळे रकाने. जुन्या लॅपटॉपच्या पंधरा इंची पडद्यावर डिसेंबर पाहायला उजवीकडे गेलो की डावीकडून बिऱ्हाडकरू नाहीसा होतो. मग पैसे कोणी भरले नाहीत ते पाहायला परत एप्रिलात यायचे. डोंबिवलीहून मुंबईला रोज जाऊन येतो, त्यात ही आणखी एक फेरी. नावाचा रकाना जागच्या जागी गोठवता येतो, हे चिरंजीवांनी मला एकदा दाखवले होते. पण दाखवताना त्यांनी जो चेहरा केला, तो पाहून मी फेरी पत्करली.

तेव्हा ठरले. एकच पडदा, कामाला आणि खेळालाही. एका खर्चात दोन खाती!

चौकशीला लागलो, तर पहिल्याच पायरीवर ठेच. या पडद्याचे प्रमाण म्हणे २१:९. मी म्हटलं, "अरे, तिनाने भाग जातो. ७:३ म्हणा की!" चिरंजीव म्हणाले, "नेहमीचा पडदा १६:९ असतो. त्याच्याशी ताडून पाहायला सोपं जातं." ठीक. मग ३४ इंची पडद्याचे ठिपके पाहिले. आडवे ३४४०, उभे १४४०. कागदावर भागाकार केला तर उत्तर आले ४३:१८. म्हणजे एकवीसास नऊही नाही आणि सातास तीनही नाही! बँकेत एवढा फरक ठेवून मी घरी निघालो असतो, तर साहेबांनी दारातून परत बोलावले असते.

दुसरी गोम मोजण्याची. पडदा विकतात कर्णाने. ३४ इंची रुंद पडद्याचे क्षेत्रफळ भरते सुमारे ४१२ चौरस इंच, आणि तेवढ्याच कर्णाच्या नेहमीच्या पडद्याचे सुमारे ४९४. कर्ण तोच, माल ८२ चौरस इंच कमी! साडी तिरकी मोजून देणाऱ्या दुकानदाराकडे सौ. पुन्हा पाऊल टाकणार नाही. खरा हिशेब असा, की ३४ इंची रुंद पडदा उंचीला नेहमीच्या २७ इंची पडद्याएवढाच असतो, तेरा इंचांच्या आसपास. फक्त अंगाने आठेक इंच सुटलेला. चाळिशीनंतर माझेही तसेच झाले, पण त्याला कोणी जास्त किंमत देत नाही.

आता मला प्रश्न पडला, हे आकार ठरवले कोणी? आणि मी इतिहासात शिरलो.

पहिला रुंद पडदा आमच्या आजीच्या देवघरात होता. पोथी! ताडाचे पान आडवे आणि लांब, म्हणून पोथी आडवी. पुढे कागद आला, ताडपत्र गेले, पण पोथीने आपला आकार सोडला नाही. दुसरा रुंद पडदा आमच्या धंद्यातला. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणिती संन्याशाने ग्रंथ छापला आणि त्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत मांडली. खतावणी उघडली की डाव्या अंगाला नावे आणि उजव्या अंगाला जमा. आमच्या पेढ्यांवरच्या वह्यांत जमा डावीकडे, कारण पैसा आधी यावा आणि मग जावा, हा आपला सरळ विचार. ते काही असो. दोन्ही बाजू एका नजरेत दिसल्या पाहिजेत, ही गरज पाचशे वर्षांपूर्वीची आहे.

सिनेमाचा पडदा मात्र आखूड जन्मला. एडिसनच्या कारखान्यात डिक्सन नावाच्या माणसाने १८९२च्या सुमारास ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चौकट आखली. एक इंच रुंद, पाऊण इंच उंच. झाले ४:३! पुढे टेलिव्हिजन आला, त्यानेही तेच माप उचलले. आणि इथेच घोटाळा झाला. घरी बसून फुकट तेच चौकोनी चित्र दिसते म्हटल्यावर अमेरिकेतली थिएटरे ओस पडू लागली. तेव्हा सिनेमावाल्यांनी विचार केला, याला उंचीत हरवता येत नाही, रुंदीत हरवू.

३० सप्टेंबर १९५२ला न्यूयॉर्कमध्ये 'सिनेरामा' सुरू झाला. तीन कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्र, तीन प्रोजेक्टर आणि अर्धवर्तुळासारखा वळलेला पडदा. आज चिरंजीव ज्याला 'कर्व्ह' म्हणतात, तो हाच. पुढच्याच वर्षी 'द रोब' हा सिनेमास्कोप चित्रपट आला. त्यातली युक्ती आन्री क्रेत्यां या फ्रेंच माणसाच्या भिंगाची. रुंद दृश्य बाजूंनी दाबून साध्या फिल्मवर बसवायचे आणि दाखवताना पुन्हा मोकळे करायचे. आठ बत्तीसच्या लोकलने जाणाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगायला नको. डब्यात आपण असेच दाबून भरले जातो आणि सीएसएमटीला मूळ आकारात येतो.

आपल्याकडे गुरुदत्तने १९५९ साली 'कागज के फूल' काढला, भारतातला पहिला सिनेमास्कोप. तिकीटबारीवर तो पडला. आज त्याला थोर म्हणतात, ते वेगळे. रुंदी वाढवल्याने जमेची बाजू वाढतेच असे नाही, याची मी मनाशी नोंद केली.

आणि या सगळ्या काळात कचेरी काय करत होती? कचेरी आखडून बसली होती! १९२८ साली आयबीएमने भोकांचे कार्ड काढले, त्यात ऐंशी रकाने. पुढे टर्मिनले आली, त्यांवर एका ओळीत ऐंशी अक्षरे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्यावरही ऐंशीच. वडिलांच्या सदऱ्याच्या मापाने नातवाचा सदरा बेतावा, तशी गत. झेरॉक्सच्या लोकांनी १९७३ साली 'आल्टो' संगणक केला, त्याचा पडदा तर उभा, कागदासारखा. १९७९ साली 'व्हिजिकॅल्क' आले, आजच्या आमच्या एक्सेलचे आजोबा. ॲपलच्या ज्या यंत्रावर ते चाले, त्यावर एका वेळी जेमतेम चार रकाने दिसत. आज एक्सेलमध्ये १६,३८४ रकाने आहेत. दाखवायला पडदा मात्र माझा पंधरा इंची.

पुढे १९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकन इंजिनिअरने सगळ्या प्रचलित मापांचे समान क्षेत्रफळाचे आयत कापून एकावर एक ठेवले. सर्वांना पोटात घेणारी बाहेरची चौकट आणि सर्वांना समाईक असलेली आतली चौकट, दोन्ही आली १६:९च्या मापाची. म्हणजे १६:९ ही मुळात तडजोड! सोसायटीच्या सभेत पास होणाऱ्या ठरावासारखी, कोणाचीच नाही आणि म्हणून सर्वांची. टीव्हीने ती उचलली आणि २००८नंतर संगणकानेही, कारण काच एकाच मापाने कापणे स्वस्त. २००९ साली फिलिप्सने २१:९चा टीव्ही काढला. तो आकार टीव्हीत रुजला नाही. २०१२ साली एलजीने २९ इंची मॉनिटर काढला, आणि टेबलावर मात्र तो रुजला. २०१७ साली सॅमसंगने ३२:९चा ४९ इंची आणला, दोन पडदे जोडून एक केल्यासारखा. आमच्या टेबलावर तो जेमतेम बसला असता, पण मग चहाचा कप सौ.च्या माहेरी ठेवावा लागला असता.

थोडक्यात, रुंदी मिळवली ती करमणुकीने. कामाने तिचा जुना सदरा घातला.

निवडीला बसलो तेव्हा काम आणि खेळ यांचे भांडण सुरू झाले. चिरंजीवांना ओएलईडी पाहिजे, त्यातला काळोख खरा काळा. पण त्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिले तर डाग उमटतो. सोसायटीची थकबाकी वर्षानुवर्षे हलत नाही, ती पडद्यावर कायमची कोरली गेली असती! मग आयपीएस ठरले. त्यात काळा थोडा राखाडी, पण अक्षरे स्वच्छ आणि बाजूने पाहिले तरी रंग तेच. वक्रता १८०० आर, म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. माझे रकाने किंचित वाकतात, पण पडद्याच्या कडा नजरेच्या जवळ येतात. कामाला चित्र सेकंदाला साठ वेळा बदलले तरी पुरे. खेळाला १४४ वेळा पाहिजे. पडद्यावर ठिपके ४९,५३,६००, आणि खेळात ते सेकंदाला शेकडा वेळ रंगवायचे, म्हणजे ४९ कोटींच्या वर नोंदी, जेवणाची सुट्टी न घेता! म्हणून ग्राफिक्स कार्डही दमदार लागते. शिवाय सगळे खेळ रुंदी मानत नाहीत. २०१६च्या 'ओव्हरवॉच'मध्ये सुरुवातीला रुंद पडदेवाल्याला बाजूंचे जास्त दिसायच्या ऐवजी वरखालचे कापले जाई.

किंमत इथे लिहीत नाही, कारण हे लेख सौ. वाचते. पडदा पाहून ती एवढेच म्हणाली, "यावर दोन साड्या वाळतील."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी २००१ साली एका तालुक्याच्या शाखेत लागलो, तेव्हा तिथे अजून खतावण्या होत्या. उघडली की टेबल झाकणारी. एकट्याने ती तपासता येत नसे. हेडक्लार्क शेजारी बसत, ते आकडा वाचत, मी टिक मारी. "बाराशे पन्नास." "टिक." मधल्या वेळात त्यांच्या मुलीचे लग्न कुठे अडले आहे, ते कळे. दोन वर्षांनी संगणक आले. प्रत्येकाला एक पडदा, चौदा इंची, एका माणसापुरता. हेडक्लार्क तीन टेबले पलीकडे गेले. मुलीचे लग्न झाल्याचे मला पेढ्यावरून कळले. आणि आता माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचे मला आडनाव ठाऊक आहे, एवढेच. घरी तरी काय वेगळे? एक फोन माझा, एक सौ.चा, एक चिरंजीवांचा. शिवाय त्यांच्या कानांवर हेडफोन.

मार्चअखेर सोसायटीचा ताळेबंद लावत होतो. फरक आला दोनशे सत्तर रुपये. रात्रीचे अकरा. नव्या पडद्यावर डावीकडे माझी नोंदवही, उजवीकडे बँकेचे स्टेटमेंट. चिरंजीव खेळायची पाळी येण्याची वाट पाहत मागे उभे. म्हणाले, "किती वेळ?"

"फरक सापडेपर्यंत. दोनशे सत्तरला नऊने भाग जातो. म्हणजे कुठे तरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असणार."

"खरंच? असं असतं?" हेडफोन गळ्यात आले. खुर्ची ओढून ते उजव्या अर्ध्यापुढे बसले. ते वाचू लागले, मी टिक मारू लागलो. चोविसाव्या नोंदीला थांबले. "बाबा, इथे पंधराशे वीस आहे."

माझ्याकडे होते बाराशे पन्नास.

"हे तुम्ही बँकेत रोज करायचात?"

"रोज. दोघं मिळून."

"भारी असेल," ते म्हणाले आणि त्यांनी खेळ सुरू केला. पडदाभर डोंगर पसरले. मी उठू लागलो तर म्हणाले, "बसा की, पाहा थोडं." मी पाहिले. काही कळले नाही. साडेबारापर्यंत पाहिले.

तेव्हापासून टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. सौ. म्हणते, एक उचलून ठेवा, जायच्या-यायच्या वाटेत येते. राहू दे, म्हटलं.