मोटेची सोंड ते गच्चीवरचा पाईप

आजचा विषय एका फुटलेल्या पाईपमुळे सुचलाय. मागच्या मे महिन्यात नाशिकच्या आमच्या गच्चीवर मी झाडांना पाणी घातलं, पुढची पिचकारी बंद केली आणि नळ तसाच चालू ठेवून खाली आलो. उन्हाने कडक झालेला पाईप दाब सहन न होऊन फाटला. टाकी रिकामी, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी पाणी येणार नव्हतं. आजी एवढंच म्हणाली, "आमच्या मोटेला आम्ही तेल पाजायचो. तू काय केलंस?"

आजीचं माहेर निफाड तालुक्यातलं. मोट म्हणजे नुसती चामड्याची मोठी बादली असं मला वाटायचं. पण सोंडेच्या मोटेला तळाशी चामड्याचीच नळी असायची. विहिरीतून मोट वर येताना पातळ दोराने ही सोंड वर ओढलेली असायची, म्हणजे पाणी सांडायचं नाही. मोट काठावर आली की सोंडेचं तोंड थारोळ्यात मोकळं व्हायचं आणि पाणी पाटाला लागायचं. म्हणजे लवचीक पाईपच की हा!

तिकडे ॲमस्टरडॅमला 1670 च्या दशकात यान व्हान डर हायडेनने भावाबरोबर आग विझवायला चामड्याचेच लांब पाईप केले. गंमत म्हणजे हा माणूस शहरांची चित्रं काढणारा चित्रकार! चामड्याचा वैताग मात्र दोन्हीकडे एकच: वाळलं की तडकतं.

मग 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करायची युक्ती सापडली. 1926 मध्ये वाल्डो सेमनने पीव्हीसी मऊ केलं. पीव्हीसी मुळात कडक, आपल्या घरातल्या प्लंबिंगच्या पाईपसारखं. त्यात मऊ ठेवणारं द्रव्य मिसळलं की ते वाकतं. ऊन खाऊन खाऊन हे द्रव्य हळूहळू निघून जातं, प्लास्टिकही जुनं होतं आणि पाईप पुन्हा ताठ. चामड्यातलं तेल सुकावं तसंच. फक्त याला नंतर तेल पाजता येत नाही, त्यामुळे जी काय पारख करायची ती दुकानातच.

मी या वेळी पाईप हातात घेऊन वाकवला. चटकन घडी पडली तो बाजूला ठेवला. दोन थरांमध्ये दोऱ्याची जाळी असलेला घेतला, कारण दाबाने पाईप फुगतो तेव्हा ती जाळीच त्याला धरून ठेवते. पारदर्शक नको म्हटलं, त्यात उजेड जातो आणि शेवाळ धरतं. इथल्या द्राक्षबागांतल्या ठिबकच्या नळ्या काळ्या असतात ना, त्या उगाच नाही. त्यातला काजळीसारखा कार्बन ऊन अडवतो. पाऊण इंची पाईपचं तोंड अर्ध्या इंचीच्या सव्वादोन पट मोठं असतं, पण कुंड्यांना एवढं कशाला? अर्धा इंची घेतला, आणि लांबी गच्चीपुरतीच.

आता पाणी घालून झालं की आधी नळ बंद, मग पाईप रिकामा करून जिन्याखालच्या सावलीत. आजी तरी रोज विचारतेच, "नळ बंद केलास का रे?"