भातसानगर : धरणाने वसवलेलं गाव

आपल्या शहापूर तालुक्यातल्या वस्त्यांची नावं बघा. कुठे वाडी, कुठे पाडा. तिथे आधी कुळं, गावदेवी आणि शेतं, मग सरकार. भातसानगरचं उलटं. १९७० च्या दशकात भातसा नदीवर धरणाचं काम चालू होतं. इंजिनिअर, कारकून, मजूर यांच्यासाठी कॉलनी झाली आणि नदीचंच नाव तिला मिळालं. इथली बरीच माणसं बदलीच्या हुकुमाने आली.

मुंबईची तहान तालुक्याला जुनीच. तानसा धरण १८९२ चं. भातसाचं पाणी नदीपात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उचलून मुंबईला. शहराचं जवळजवळ निम्मं पाणी आज भातसाचं आहे. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. पाणी खाली दरीत, वस्ती वर कातळावर.

जनगणना कॉलनीतली डोकी मोजते. पाण्याखाली गेलेली घरं आणि शेतं तिच्या रकान्यात येत नाहीत. म्हणून या गावाचा इतिहास लिहिताना कोण आलं याबरोबर कोण उठून गेलं, हेही लिहायला हवं. ती पिढी आता थकत चालली आहे. तुमच्या घरात कुणी असेल तर विचारा, आणि लिहून ठेवा.