अभिसंधान, अभिजात : माणसाच्या अनैच्छिक क्रियांचे

एखाद्या घटनेमागोमाग शरीराची ठरावीक प्रतिक्रिया उमटवणारी दुसरी घटना वारंवार घडत गेली, की कालांतराने पहिल्या घटनेनेच ती प्रतिक्रिया उमटू लागते. या शिकण्याला अभिजात अभिसंधान म्हणतात. लाळ सुटणे, पापणी मिटणे, गुडघा उडणे, मळमळणे या माणसाच्या इच्छेबाहेरच्या क्रियाही असे शिकतात. चिंचेचे नाव निघताच तोंडाला पाणी सुटते. त्या क्षणी जिभेवर आंबट काही नसते आणि लाळ सोडायचे कोणी ठरवलेलेही नसते. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी म्हणूनच शब्दाला संकेतांचा संकेत म्हटले.

खाण्याच्या संकेतानेच लाळ गाळू लागलेले पाव्हलॉव्ह यांचे कुत्रे जगाला ठाऊक आहेत. पाव्हलॉव्ह यांना 1904 मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक मात्र पचनक्रियेवरील संशोधनासाठी होते. माणसावरील पहिल्या नोंदींपैकी एकीचे श्रेय अमेरिकेचे एडविन ट्विटमायर यांना द्यायला हवे, आणि ते त्यांना पुरेसे मिळालेले नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेचा अभ्यास करत होते. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर हातोडी बसण्याच्या किंचित आधी, सूचना म्हणून, घंटा वाजे. एकदा घंटा वाजली, पण हातोडी पडलीच नाही. तरी पाय उडाला. पाय मुद्दाम उडवलास का, असे विचारल्यावर त्या माणसाने नाही म्हणून सांगितले. पाय हलल्याचे त्याला जाणवले होते, पण तो त्याने हलवला नव्हता. ट्विटमायर यांनी 1902 च्या प्रबंधात हे मांडले आणि 1904 मध्ये फिलाडेल्फियात मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत वाचून दाखवले. अध्यक्षस्थानी विल्यम जेम्स होते. एवढ्या मोलाच्या निरीक्षणात तिथे कोणालाच रस वाटला नाही.

पुढे प्रयोगशाळांनी गुडघ्यापेक्षा पापणी अधिक पसंत केली, कारण ती मोजायला सोपी. माणसाला खुर्चीत बसवतात, कानांवर हेडफोन असतो आणि डोळ्याजवळ बारीक नळी. हेडफोनमधून एक सूर ऐकू येतो आणि सुमारे अर्ध्या सेकंदाने नळीतून हवेचा हलका झोत डोळ्यावर येतो. झोत हा नैसर्गिक उद्दीपक. तो येताच पापणी मिटते, ते तिला शिकवावे लागत नाही. सूर हा अभिसंधित उद्दीपक. अनेक फेऱ्यांनंतर सूर ऐकताच, झोत येण्याआधी, पापणी मिटू लागते. ती फार लवकर मिटत नाही, की उशिराही नाही. झोत डोळ्याला लागायच्या वेळी ती बरोबर बंद असते. वेळेची ही अचूकता लहान मेंदूची, म्हणजे अनुमस्तिष्काची. त्याला इजा झालेल्या रुग्णांची पापणी झोताने मिटते, पण सुराने मिटायला ती सहसा शिकत नाही.

या शिकण्याला आठवणीची गरज लागतेच असे नाही. अपस्मारावरील शस्त्रक्रियेत 1953 मध्ये हेन्री मोलेसन यांनी नव्या आठवणी साठवण्याची क्षमता गमावली. त्यांच्यावरील पापणीच्या प्रयोगाचा वृत्तांत 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांना बऱ्याच फेऱ्या लागल्या, पण पापणी शिकली. दोन वर्षांनी पुन्हा प्रयोगाला बसवले, तेव्हा उपकरण, प्रयोग करणारे, आधीच्या सूचना यांपैकी काहीही त्यांना आठवत नव्हते. पापणीने मात्र पूर्वीच्या सुमारे एक-दशांश फेऱ्यांतच तीच पातळी गाठली. सूर थांबल्यावर मध्ये मोकळा वेळ जाऊन झोत येत असेल, तर मात्र लहान मेंदूला सहसा आठवणींशी निगडित भागांची मदत लागते.

सूर वाजत राहिला आणि झोत येईनासा झाला, की प्रतिक्रिया हळूहळू मावळते. याला विलोपन म्हणतात. विलोपन म्हणजे पुसून टाकणे नव्हे. काही काळ मध्ये गेला किंवा जागा बदलली, की मावळलेली प्रतिक्रिया परत डोके वर काढते. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी 1920 मध्ये एका तान्ह्या मुलात पांढऱ्या उंदराची भीती रुजवली, पण विलोपनाने ती घालवण्याचे उपाय होण्याआधीच मूल निघून गेले. मानसशास्त्राच्या इतिहासातला हा प्रयोग अक्षम्यच म्हणावा लागेल.

मळमळीची गोष्ट वेगळी आहे. पापणीला अनेक फेऱ्या लागतात, तर पोटाला कधी कधी एकच पुरते, आणि खाणे व उमासे यांत काही तासांचे अंतर असले तरी चालते. इलीन बर्नस्टाइन यांनी 1978 मध्ये किमोथेरपी घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी वेगळ्या चवीचे आइस्क्रीम दिले. पुढे त्या मुलांनी ते टाळले. दोष औषधाचा, आइस्क्रीमचा नाही, हे माहीत असून उपयोग होत नाही. ही नावड समजुतीने जात नाही. काही रुग्णांना पुढच्या फेरीला रुग्णालयाचा वास येताच, सलाइन लागायच्या आधीच उलटी होते. घरचे म्हणतात, मन घट्ट कर. पण हा मनाचा कमकुवतपणा नसतो; ट्विटमायर यांच्या प्रयोगातला पाय उडाला, तसेच हे पोट उचंबळते. अशा रुग्णाने ते डॉक्टरांना सांगावे, लाजू नये. शरीर सैल सोडायला शिकवून त्या वासांची आणि दृश्यांची टप्प्याटप्प्याने सवय लावण्याने फरक पडतो. मात्र सगळ्यांत परिणामकारक उपाय म्हणजे पहिल्याच फेरीपासून उलटी रोखणारे औषध नीट देणे, कारण मळमळच झाली नाही तर त्या वासाशी जोडले जायला काही उरत नाही.